पान उलटणारं बोट

गडचांदूरच्या आसपास दुपारी खाणीत सुरुंग उडतो तेव्हा माझ्या बालवाडीतली बहुतेक मुलं मान वर करून बघतात आणि लगेच खेळात रमतात. हा सगळा पट्टा चुनखडीचा. गडचांदूर, आवाळपूर, उपरवाही, नारंडा अशी सिमेंट कारखान्यांची रांगच चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात आहे, आणि चुनखडी काढायची तर सुरुंग आलाच. पाळण्यात असल्यापासून मुलांच्या कानावर तो आवाज पडलेला असतो. पण दर वर्षी वर्गात एखाद-दुसरं लेकरू असं येतं, की आधीचा भोंगा ऐकूनच त्याचे हात कानांवर जातात आणि आवाज विरल्यावरही बराच वेळ खाली येत नाहीत. त्याच लेकराला नव्या कपड्याची शिवण टोचते. खिचडीत मोहरीचा दाणा लागला की घास तोंडातच थांबतो. बाई दुसऱ्याच कुणाला रागावल्या तरी डोळ्यांत पाणी याच्या. आणि माझं डोकं दुखतंय हे अख्ख्या वर्गात सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. काही न बोलता जवळ येऊन ते माझा पदर धरून उभं राहतं.

अशा मुलांसोबत चित्रपुस्तकं घेऊन बसणं हे गेल्या काही वर्षांत माझं मुख्य काम झालं आहे. सुरुवात माझ्या बालवाडीतून झाली. मग ओळखीच्या अंगणवाडी सेविका बोलावू लागल्या, आणि आता पिशवीत पुस्तकं भरून मी जवळपासच्या गावांतही जाते. आईबाप भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “बाई, हे पोरगी लयच भेते जी. इच्या मोठ्या भावाचं असं नव्हतं. इचं पुढं कसं होईल?” त्या विचारण्यात काळजी असते आणि थोडी शरमही असते, जणू घरात कुणाचं तरी काही चुकलं म्हणून लेकरू असं निघालं.

ती शरम आधी उतरवावी लागते. त्यासाठी मी त्यांना दूरदेशीची एक गोष्ट सांगते. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्यानं शंभराहून अधिक बाळांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायला सुरुवात केली. त्यात सुमारे १५ टक्के मुलं अशी आढळली, जी नवं काही समोर आलं की मागे सरतात, दुरून बघत राहतात आणि सवडीनं रुळतात. पुढे हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवून आणि अनोळखी आवाज ऐकवून पाहिलं. पाचांतलं जवळपास एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं, आणि त्यांतली बरीच पुढे बुजरी निघाली. बरीच, पण सगळी नाहीत. रडू ऐकताच उचलून प्रत्येक नव्या गोष्टीपासून लेकराला वाचवणाऱ्या घरांपेक्षा, बेताबेतानं नव्याची ओळख होऊ देणाऱ्या घरांतली मुलं अधिक सावरली, असं त्यांच्या चमूला दिसलं. म्हणजे हा पिंड आहे. लेकरू तो घेऊनच जन्माला येतं आणि त्यात कुणाचा दोष नाही. आपल्या हातात काही असेल तर ते बेताबेतानं करणं आहे.

आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. पाहुणे आले की “बोल ना, काकांना कविता म्हणून दाखव ना” असं म्हणत लेकराला बखोटीला धरून पुढे उभं करायचं. स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत नाचायला ठेवायचं, म्हणजे ‘भीड चेपेल’. रडलं की रडूबाई म्हणायचं, आणि झोपत नसेल तर बागुलबुवा. मला हे सगळं मनापासून चुकीचं वाटतं. ढकललेलं मूल उभं राहिलंही, तरी ते आतून डोळे मिटून उभं असतं. त्यातून ते एवढंच शिकतं, की मोठ्या माणसांच्या हातात आपला हात सुरक्षित नाही.

अतिसंवेदनशील लेकराला भीती असते ती अचानकची. आवाज मोठा आहे यापेक्षा तो कधी येईल हे ठाऊक नाही, याचा त्रास जास्त. चित्रपुस्तकात भ्यायची गोष्ट पानाच्या पलीकडे असते आणि ते पान मुलाच्या बोटात असतं. त्याला वाटलं तर ते कोपरा उचलून डोकावेल, नको वाटलं तर बंद करेल. मागे जाऊन पुन्हा बघेल. सुरुंग मागे घेता येत नाही, पान घेता येतं. म्हणूनच ही मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात. मोठ्यांना कंटाळा येतो, पण त्या मुलाच्या दृष्टीनं ती एकुलती एक जागा असते जिथे पुढे काय होणार हे त्याला पक्कं माहीत आहे. माहीत असण्याची ही चव एकदा लागली की बाहेरच्या जगातही ते लेकरू ती शोधू लागतं. माझ्या कामाचा पाया इतकाच आहे.

वर सांगितल्यासारखीच एक मुलगी माझ्याकडे होती. सुरुंगाची तिला इतकी धास्ती, की जेवणानंतर ती दाराकडे पाठ करून बसायची. बाजारात सुरुंगावर चित्रपुस्तक कुठून मिळणार? म्हणून आम्ही दोघींनी ते केलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू कापल्या, मधोमध सुई-दोऱ्यानं शिवल्या. पहिल्या पानावर भोंगा. दुसऱ्यावर रस्ता अडवून उभा असलेला, लाल झेंडीवाला माणूस. मग चिंचेवरचे बगळे भुर्रकन उडतात. मग मांडणीवरची ताटली थरथरते. मग धूळ, नुसती धूळ, पानभर तपकिरी खडू. आणि शेवटच्या पानावर बगळे परत चिंचेवर.

ती पहिलं पान उघडायलाच तयार होईना. हातात घेतलं आणि थेट मागून उघडलं. बगळे आलेले पाहिले, मिटलं. बरेच दिवस ती ते पुस्तक शेवटून सुरुवातीकडे वाचायची. आधी बगळे परत आले, मग धूळ, मग ताटली, मग उडालेले बगळे. तसं वाचताना ती भोंग्यापर्यंत पोचायची तेव्हा तिच्या दृष्टीनं सगळं निभावलेलं असायचं. सोबतच्या मदतनीस ताईंना वाटायचं की तिला नीट पान उलटायला शिकवावं. मी म्हटलं, राहू द्या, शेवट आधी पक्का करून घेणं ही तिची अक्कल आहे. एक दिवस तिनं आपणहून पुढून उघडलं. मग तिनं मध्ये एक पान घालायला लावलं, त्यावर तिची आजी. आजी सुरुंग उडत असताना चहा पीत बसलेली. “आजी काहून उठली नाई?” मी विचारलं. “तिचा च्या गरम हाय,” ती म्हणाली. पुस्तकातलं ते पान अजून माझं सगळ्यांत आवडतं आहे.

त्यानंतर ती सुरुंगाला भ्यायची थांबली असं मी म्हणणार नाही. हात कानांवर जायचेच. पण पावसाळ्यात छत्तीसगडहून आलेल्या कामगाराचा मुलगा वर्गात नवा दाखल झाला आणि पहिल्याच धडाक्याला किंचाळला, तेव्हा ही कानांवर हात तसेच ठेवून त्याच्याजवळ सरकली आणि सांगू लागली, “आता ताटली वाजते. मंग बगळे येते.” त्याला तिची भाषा कितपत समजली कोण जाणे, पण तो बघत राहिला.

भाषेचा हा मुद्दा आमच्याकडे फार मोठा आहे. गडचांदूरच्या एका वर्गात घरी गोंडी बोलणारी, कोलामी बोलणारी, गोरमाटी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि सीमेपलीकडे तेलंगणात मामाचं गाव असलेली तेलुगूभाषक मुलं एकत्र बसतात. जिवतीच्या डोंगरावर तर मराठवाड्यातून येऊन वसलेल्यांची मराठी आणखी निराळी. यातलं कुठलं मूल पिंडानं बुजरं आहे आणि कुठलं केवळ भाषा न कळल्यानं गप्प आहे, हे प्रश्नोत्तरांतून कळत नाही. चित्रातून कळतं. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ त्यासाठी मला फार उपयोगी पडलं. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या या पुस्तकात माणसांनी, प्राण्यांनी, कामांनी गजबजलेली चित्रं आहेत. वाचायचं ते चित्रच. मी ते जमिनीवर उघडं ठेवते आणि शेजारी काहीतरी निवडत बसते. कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. महिनोन्‌महिने तोंड न उघडलेल्या एका मुलानं असंच एकदा चित्रातल्या कोंबडीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, “कोडी.” तेलुगूत कोंबडीला कोडी म्हणतात. मी मागून म्हटलं, “कोडी.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुढच्या चित्रावर. त्या दिवशी तो मला शिकवत होता. पुरंदरे यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा वर्तमानपत्रात त्याची छोटी बातमी होती. आमच्यासारख्यांच्या खोल्यांत त्यांच्या पुस्तकांनी काय केलं आहे त्याची बातमी कधी होत नाही, म्हणून इथे लिहिते.

बसण्याची काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. असं मूल घोळक्याच्या मध्ये बसत नाही, कडेला बसतं. तर पुस्तक कडेला न्यावं, मुलाला मध्ये ओढू नये. ‘हे काय आहे?’ असं बोट दाखवून विचारलं की परीक्षा सुरू होते, आणि चुकण्याच्या भीतीनं ही मुलं आधीच अर्धमेली असतात. त्याऐवजी ‘अगं बाई, हा कुठं निघाला असेल?’ असं आपल्याशीच पुटपुटावं आणि थांबावं. थांबणं फार कठीण असतं, मोठ्यांना शांतता सोसत नाही. बोलणं आलं नाही तरी चालेल. बोट आलं तरी ते उत्तर आहे, नजर आली तरीही. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग मांडला होता. मोठ्यांनी वाचून दाखवणं कमी करायचं आणि हळूहळू मुलालाच गोष्ट सांगणारा करायचं. त्यांनी तो मुलांची भाषा वाढावी म्हणून केला आणि ती वाढलीही. मला त्यात दुसरंच दिसतं. गोष्ट सांगणाऱ्याचा हुद्दा मोठा असतो, आणि ज्याला कुठलाच हुद्दा मिळत नाही त्या लेकराला तो मिळतो.

पुस्तकांची निवड करताना चंद्रपूर जिल्ह्यात एक अडचण येते, ती पुण्या-मुंबईत बसून सुचणार नाही. वाघ. लहान मुलांच्या पुस्तकांत वाघ हसरा, मिशाळ, सगळ्यांचा दोस्त असतो. आमच्याकडे वाघ खरा आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये राजुऱ्याच्या जंगलातला नरभक्षक वाघ पकडला जाईपर्यंत या भागातली माणसं शेतात जायला धजावत नव्हती. सरपणाला गेलेली बाई परत आली नाही, ही इथे घरात बोलली जाणारी गोष्ट आहे, आणि हळवं मूल घरातलं बोलणं झोपेतही ऐकत असतं. त्याच्यापुढे दोस्त-वाघ ठेवला तर ते आपल्याकडे असं बघतं, की यांना काही माहीतच नाही. आणि भयंकर वाघ ठेवला तर रात्रभर झोप नाही. मी वाघाची ती पुस्तकं वापरते ज्यांत वाघ नुसता वाघ आहे, त्याच्या जंगलात, त्याच्या कामात, पिल्लांबरोबर पाण्यावर आलेला. मग मुलं बोलू लागतात. सांजेला बाहेर जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, वाकून बसायचं नाही. एका मुलानं गुराख्याच्या हातात काठी काढली आणि शेजारी आणखी दोन माणसं काढली. “आता तिघं हाय,” म्हणाला. खऱ्या भीतीला खोटा दिलासा देऊ नये, एवढं मी त्या मुलांकडूनच शिकले. खऱ्या भीतीला काय करायचं ते माहीत असावं लागतं.

पोळ्याच्या आधी मी ‘फर्डिनांड’ची गोष्ट सांगते. मनरो लीफ यांचं हे पुस्तक १९३६ चं, रॉबर्ट लॉसन यांची काळ्या रेघांची चित्रं. स्पेनमधला एक गोऱ्हा. इतर गोऱ्हे दिवसभर टकरा घेतात, आणि याला झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायला आवडतो. त्याच्या आईला काळजी वाटते की हा एकटा पडेल. ती विचारते. त्याला तसंच बरं वाटतंय हे कळल्यावर ती त्याला तिथे बसू देते. पुढे भुंग्यासारखी एक मधमाशी त्याला डसते, तो उधळतो, माणसांना वाटतं हाच खरा झुंजार, आणि त्याला माद्रिदच्या आखाड्यात नेतात. तिथेही तो बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसून राहतो. आमच्या मुलांना बैल सांगावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवून रांगेत उभी राहतात, बक्षिसं असतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊला पैसे, मिळतो. आणि अलीकडे डीजेही असतो.

एका मुलाचा लाकडी बैल गावात सगळ्यांत देखणा. आजोबांनी घडवलेला, चाकांवरचा, शिंगांना बेगड लावलेली. पण रांगेत उभं राहायचं म्हटलं की मुलगा उलट्या करायचा. त्याची आई त्या दिवशी न्यायला आली होती आणि दारात उभी राहून गोष्ट ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, “म्हणजे त्याच्या मायनं त्याले वढत नाई नेलं.” मी काही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. त्या वर्षी त्यांनी बैल आपल्याच दारात पाटावर ठेवला. ज्यांना बघायचा ती मुलं येऊन बघून गेली, आणि हा दाराच्या चौकटीला टेकून बैलाची शिंगं कशी घडवली ते सांगत होता. रांगेत तो गेला नाही. एक-दोन नातेवाइकांनी नावं ठेवली. मला विचाराल तर त्याचा पोळा झाला.

आईच्या हातात पुस्तक देणं हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे. इथल्या कितीतरी आया सकाळी कापूस वेचायला जातात आणि दिवेलागणीला परत येतात. काहींना वाचता येत नाही, आणि पुस्तक म्हटलं की त्या हात मागे घेतात. “मले नाई येत जी वाचता.” मी म्हणते, तुम्ही वाचायचंच नाही, तिला वाचू द्या. प्रथम बुक्सची स्वस्त, पातळ पुस्तकं त्यासाठी बरी. २०१५ पासून त्यांच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अनेक भाषांतली पुस्तकं मोफत उतरवून छापूनही घेता येतात. पुरंदऱ्यांचं ‘बाबाच्या मिशा’ असंच एका घरी गेलं. तिथली मुलगी मिशावाल्या माणसांना बघून आईच्या मागे लपायची. आई सांगत होती, स्वयंपाक करताना ती चुलीपाशी येऊन बसते, पान उघडते आणि आईला विचारते, सांग, आता काय होईल? आई मुद्दाम चुकीचं सांगते. मुलगी खळखळून हसते आणि बरोबर काय ते सांगते. ज्या घरात तिला रोज कुणी ना कुणी दुरुस्त करायचं, तिथे आता ती एका मोठ्या माणसाला दुरुस्त करत होती, आणि ते माणूस आनंदानं चुकत होतं.

तरी प्रत्येक गप्प मुलाला पुस्तक लागू पडतं असं नाही. हाक मारल्यावर वळत नाही, घरीही बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, असं काही दिसलं तर मी सेविकाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवायला सांगते. २०१३ पासून ही पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात. ‘लाजाळू’ म्हणून ज्याच्याकडे सगळ्यांनी काणाडोळा केला होता, त्या एका लेकराचा कान पिकून वाहत होता. त्याला औषध हवं होतं.

सध्या आम्ही एक नवं पुस्तक शिवतो आहोत. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, आणि बालवाडीतून पहिलीत जाणं हा हळव्या मुलांसाठी सगळ्यांत मोठा सुरुंग असतो. म्हणून आम्ही त्यांच्या शाळेचंच पुस्तक करतो आहोत. नवीन काही रचलेलं नाही, जसं आहे तसं. फाटक, त्याची कडी, आतलं कडुनिंबाचं झाड, नळ, चपला काढायची जागा, खिचडीची रांग, गुरुजींची खुर्ची. एप्रिलमध्येच ते घरी जाईल, म्हणजे पूर्ण उन्हाळाभर पानं उलटता येतील. पहिल्या मसुद्यात मुलांनी सांगितलं की एक पान राहिलं. शाळेतला संडास. तिथे अंधार असतो का, कडी आतून लागते का, अडकलं तर हाक कुणाला मारायची, हे कुणीच सांगत नाही. शाळेतल्या बाईंना विचारून आम्ही ते पान घालतो आहोत. कडी आतून लागत नव्हती. बाईंनी सुताराला बोलावलं आहे, तो येऊन गेला की चित्र काढू.